मास्तर विरुद्ध वर्ग : हिंसक विद्यार्थ्यांवरचे कल्ट थ्रिलर (स्पॉयलर भरपूर आहेत)

रीळवेडा

शाळेवरचे सिनेमे म्हटलं की बहुतेकांना तो प्रेमळ मास्तर आठवतो, वाया गेलेल्या पोरांना हळूहळू मार्गाला लावणारा. तसे सिनेमे मलाही आवडतात पण हा धागा त्यांच्यासाठी नाहीये. मला बोलायचंय त्या दुसऱ्या जातीच्या सिनेमांबद्दल, जिथे पोरं सुधारत नाहीत, मास्तरच्या घरापर्यंत पोचतात, वरचे लोक हात झटकतात आणि मग एक दिवस मास्तरचंच डोकं फिरतं.

या जातीतला माझा सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे 'क्लास ऑफ १९८४'. आला १९८२ साली, दिग्दर्शक मार्क लेस्टर. पेरी किंग हा संगीताचा नवा शिक्षक, पहिल्याच दिवशी शाळेच्या दारात बघतो तर मेटल डिटेक्टर लावलेत, आणि सोबत चालणारा जीवशास्त्राचा म्हातारा मास्तर बॅगेत पिस्तूल घेऊन आलाय. त्या काळी लोकांना हे अति वाटलेलं. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी शाळांच्या दारात खरोखर मेटल डिटेक्टर बसले.

या म्हाताऱ्या मास्तरचं काम रॉडी मॅकडोवॉलने केलंय आणि त्याचा एक सीन आहे ज्यासाठी मी हा सिनेमा कुणालाही बघायला लावीन. त्याने प्रयोगशाळेत जिवापाड जपलेले प्राणी पोरं मारून टाकतात. दुसऱ्या दिवशी तो वर्गात येतो, पिस्तूल काढतो आणि प्रश्न विचारायला लागतो. जे इतकी वर्षं शिकवत आला तेच प्रश्न. ज्या पोरांनी कधी पुस्तक उघडलं नाही ती आता घाम पुसत उत्तर आठवायला बघतायत, आणि त्यातल्या एकाचं उत्तर बरोबर येतं तेव्हा मॅकडोवॉलच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो ना, अगदी खराखुरा शिक्षकाचा आनंद, तो बघून पोटात कालवतं. हातात पिस्तूल आहे आणि माणूस खूश कशाने होतोय तर पोराला उत्तर आलं म्हणून!

आता माझा मुद्दा. हे सिनेमे मी परत परत बघतो आणि दर वेळी मला वाटतं की यांचा खरा विषय मारामारी नाहीच, विषय आहे साक्षीदार. अख्खा वर्ग भरलेला असतो, सगळ्यांनी सगळं बघितलेलं असतं, आणि तरी सांगायला कोणी पुढे येत नाही. 'क्लास ऑफ १९८४'मध्ये मुख्याध्यापक चक्क कॅमेऱ्याचे पडदे समोर लावून बसलाय, सगळ्या शाळेवर नजर आहे, पण मास्तर तक्रार घेऊन गेला की पुरावा दाखव. पोलीसही तेच म्हणतात. ज्या पोराने बघितलंय (हा मायकेल जे फॉक्स, पुढे स्टार व्हायच्या आधीचा, कोवळा, गुबगुबीत गालांचा) तो भीतीने तोंड उघडत नाही. आणि शेवटी मास्तर सगळ्या टोळीचा हिशोब चुकता करतो तेव्हा पडद्यावर ओळ येते की त्याच्यावर खटला झाला नाही कारण पोलिसांना साक्षीदार मिळाला नाही. ज्या वाक्याने सिनेमाभर गुंड सुटत होते त्याच वाक्याने मास्तर सुटतो. स्वस्तातला म्हणून हिणवलेल्या सिनेमात इतकी घट्ट बांधणी आहे हो.

तुमचे आवडते सांगा. आणि साक्षीदाराचा मुद्दा पटतो का तेही सांगा.

तिसरी घंटा

मस्त विषय. मुद्दा पटला आणि लगेच 'ब्लॅकबोर्ड जंगल' आठवला, १९५५ चा, या सगळ्यांचा आजोबा. रिचर्ड ब्रुक्सचा सिनेमा, ग्लेन फोर्ड मास्तर, विक मॉरो गुंड विद्यार्थी आणि सिडनी पॉइटिए त्याच वर्गातला हुशार पण दूर दूर राहणारा पोरगा. श्रेयनामावलीला 'रॉक अराउंड द क्लॉक' वाजतं, त्या गाण्याचं नशीब या सिनेमाने उघडलं. आणि व्हेनिसच्या महोत्सवातून हा सिनेमा काढून घ्यावा लागलेला, कारण इटलीतल्या अमेरिकेच्या राजदूत क्लेअर बूथ लूस यांनी आक्षेप घेतला, देशाची बदनामी होते म्हणून. म्हणजे बघा, सिनेमातला मुख्याध्यापक म्हणतो आमच्या शाळेत शिस्तीचा प्रश्नच नाही, आणि सिनेमाबाहेर सरकारी माणसंही त्याच सुरात बोलत होती.

साक्षीदाराच्या दृष्टीने याचा शेवट बघा. मॉरो सुरा काढतो, फोर्ड एकटा उभा, आणि बराच वेळ वर्ग नुसता बघत राहतो. मग एकेक जण मास्तरच्या बाजूला सरकतो. एक पोरगा तर वर्गातला अमेरिकेचा झेंडा काठीसकट उचलून दुसऱ्या गुंडावर धावून जातो. १९५५ मध्ये लोकांना तेवढा विश्वास होता, की शेवटी वर्ग बोलेल. आता 'क्लास ऑफ १९८४' आठवा, तिथे एक पोरगा टोळीकडून नशेचा माल घेतो, शाळेच्या झेंड्याच्या खांबावर चढतो आणि वरून पडून मरतो. सत्तावीस वर्षांत झेंड्याचं काय झालं ते दोन सीन शेजारी ठेवले की दिसतं. लेस्टरने मुद्दाम केलं असेल का माहीत नाही पण मला तरी तो आजोबाला दिलेला जबाब वाटतो.

आणि रेकॉर्ड फोडायचा सीन विसरू नका कुणी. गणिताचा साधा मास्तर, वर्षानुवर्षं जमवलेल्या जॅझच्या तबकड्या पोरांना ऐकवायला प्रेमाने घेऊन येतो आणि पोरं एकेक तबकडी हवेत भिरकावून फोडतात. रक्ताचा एक थेंब नाही त्यात. तरी माझ्यासाठी या जातीतला सगळ्यात हिंसक सीन तोच आहे.

मधली सुट्टी

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. 'क्लास ऑफ १९८४' मी पूर्ण बघितलाय आणि मॅकडोवॉलबद्दल रीळवेडा म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, पण त्या सिनेमात मास्तरच्या गरोदर बायकोवर जे होतं ते मला अजिबात सहन झालं नाही. तिच्यावर अत्याचार होतो, फोटो काढला जातो, तो फोटो मास्तरला कार्यक्रमाच्या ऐन सुरुवातीला मिळतो आणि मग तो पेटतो. म्हणजे तिचं दुःख हे मास्तरच्या इंजिनातलं पेट्रोल. तिला काय वाटलं हे सिनेमाला पडलेलंच नाही. 'ब्लॅकबोर्ड जंगल'मध्येही बघा, एका शिक्षिकेवर हल्ला होतो, ग्लेन फोर्ड तिला वाचवतो, आणि पुढे चर्चा कसली तर त्याला पोरं आता काय करतील याची. बायकोला निनावी पत्रं येतात तीही त्याला छळायला.

साक्षीदार नाही म्हणता ना, मग या बायका काय आहेत? त्यांनी सगळ्यात जवळून बघितलंय आणि त्यांनाच कोणी विचारत नाही.

म्हणून मला या जातीतले ते सिनेमे जास्त मोलाचे वाटतात जिथे शिक्षिका मध्यभागी आहे. इझाबेल अजानीचा 'ला जुर्ने द ला ज्युप' (२००९) बघितलाय का कोणी? फ्रेंच शिकवणारी बाई, नाटकाच्या हॉलमध्ये फ्रेंच नाटककार मोलिएरच्या नाटकाची तालीम घ्यायला पोरांना आणते, कोणी ऐकत नाही, एका पोराच्या बॅगेतून पिस्तूल खाली पडतं आणि ते तिच्या हातात येतं. झटापटीत गोळी सुटते, दार बंद होतं, आणि मग ती काय करते तर तास घेते! मोलिएरचं खरं नाव पोरांकडून वदवून घेते, ज्याँ बाप्तिस्त पोक्लँ, पिस्तूल रोखून, पुन्हा पुन्हा. रीळवेडा, तुमचा मॅकडोवॉलचा सीन म्हणजे इथे अख्खा सिनेमा आहे. फरक एवढाच की मॅकडोवॉल मोडून पडलेला आहे, अजानी घाबरलेली आहे, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदा तिचा वर्ग शांत बसलाय हे तिला कळतंय आणि ते तिला आवडतंय. तिच्या चेहऱ्यावर भीती आणि हे समाधान एकत्र दिसतं. सेझार हे फ्रान्सचं मोठं सिनेपारितोषिक मिळालं तिला या कामासाठी, मिळायलाच हवं होतं.

खडूची धूळ

मी शिकवायचे, आता सोडलं. हे सिनेमे मी शिक्षकी सोडल्यावर बघायला लागले, आधी हिंमत नव्हती.

साक्षीदाराचं म्हणणं इतकं खरं आहे की वाचून थोडा वेळ तशीच बसले. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते आणि मागून कंपासपेटी येऊन खांद्याला लागली. उघडी होती, त्यातलं कर्कटक पायाशी पडलं. वळून बघितलं तर सगळ्या माना एकाच वेळी वहीत. इतकं शांत मी त्या वर्गाला कधी बघितलं नव्हतं. कोणी टाकली विचारलं तर एक आवाज नाही, पहिल्या बाकावरची माझी लाडकी मुलगीसुद्धा पेनाचं टोपण लावत काढत राहिली. तिचा राग नाही आला मला, तिला त्याच वर्गात रोज बसायचं होतं. राग आला तो ऑफिसमध्ये गेल्यावर मला विचारलं गेलं की तुमचा वर्गावर ताबा नाही का, त्याचा.

सिनेमे गुंड पोरांच्या बाबतीत अतिशयोक्ती करतात, पण स्टाफरूमच्या बाबतीत नाही करत. 'वन एट सेव्हन'मध्ये (१९९७, सॅम्युअल जॅक्सन) सुरुवातीलाच आहे बघा, ब्रुकलिनची शाळा, पुस्तकाच्या पानांवर १८७ लिहिलेलं मास्तरला सापडतं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कायद्यातलं खुनाचं कलम, धमकीच ती. तो धावत वर सांगायला जातो आणि वरचा माणूस ते उडवून लावतो. आणि मग कॉरिडॉरमध्ये, भर गर्दीत, एक पोरगा मागून येऊन त्याला खिळ्याने भोसकतो. त्या गर्दीत किती चेहरे होते. हा भाग बघताना मला बंदूक आणि टोळीचं काही वाटलं नाही, तो वर जाऊन सांगतो आणि ऐकून घेतलं जात नाही तिथे मात्र मी सिनेमा थांबवला.

लिहिणारा स्कॉट येगमन स्वतः शाळेत शिकवायचा, आणि शेवटी पडद्यावर तसं येतंही, हा सिनेमा एका शिक्षकाने लिहिलाय. ते वाचल्यावर कळलं की ती ऑफिसातली दोन मिनिटं इतकी अचूक कशी आली.

शेवटचा बाक

खडूची धूळ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

'वन एट सेव्हन'बद्दल दोन गोष्टी. एक म्हणजे केव्हिन रेनल्ड्सने तो फार सुंदर चित्रित केलाय, मास्तर पुढे जिथे शिकवायला जातो त्या लॉस एंजेलिसचं ते पिवळं करपवणारं ऊन, पत्र्याच्या खोलीतला वर्ग, घामेजलेला जॅक्सन. दुसरं, साक्षीदाराचा मुद्दा इथे एक पायरी पुढे जातो. एक गुंड पोरगा गायब होतो आणि नंतर त्याचं प्रेत सापडतं. कोणी मारलं? सिनेमा आपल्याला दाखवतच नाही. आपण बराच काळ जॅक्सनच्या बाजूने असतो, बिचारा, किती सोसलंय, आणि मग हळूहळू शंका यायला लागते की यानेच तर नाही ना. म्हणजे इथे प्रेक्षकालाही साक्षीदार होऊ दिलेलं नाही, वर्गातल्या पोरांसारखं आपणही मान खाली घालून बसलेलो असतो, कारण मनातून आपल्याला ते झालेलं हवंच असतं.

शेवटचा रशियन रूलेटचा (पिस्तुलात एकच गोळी ठेवून आळीपाळीने स्वतःच्या डोक्याला लावायचा जीवघेणा खेळ) सीन कुणाला भडक वाटतो, मला नाही वाटत. तिथे पहिल्यांदा दुसरा एक गुंड पोरगा आणि मास्तर समोरासमोर बसून बोलतात. एवढं बोलायला टेबलावर पिस्तूल यावं लागलं.

पण या सिनेमावर जो आक्षेप घेतला जातो तोही मला मान्य आहे. हिंसक पोरं बहुतेक लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची), शाळा गरीब वस्तीतली, आणि ती अशी का झाली याला फार जागा नाही. त्या बाबतीत 'क्लास ऑफ १९८४' धीट आहे, तिथला म्होरक्या स्टेगमन गोरा, खात्यापित्या घरचा, आई त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही, आणि हा पोरगा पियानो इतका अप्रतिम वाजवतो की मास्तर क्षणभर सगळं विसरून ऐकत राहतो. गरिबी, घर, संधी, यातली एकही सबब त्याला लागू नाही. म्हणून तो जास्त भीतीदायक. (ते काम करणारा टिमथी व्हॅन पॅटन पुढे मोठा टीव्ही दिग्दर्शक झाला, 'द सोप्रानोज'चे कितीतरी भाग त्याचे आहेत.)

रीळवेडा

मधली सुट्टी, तुमचा बायकोचा मुद्दा मान्य. लेस्टरच्या सिनेमाचा तो भाग मी दर वेळी पुढे पळवतो आणि पळवल्याने कथेत काही तुटत नाही, यातच सगळं आलं.

आणि हो, 'द सब्स्टिट्यूट' (१९९६) बद्दल कोणी लिहिलं नाही ते बरंच आहे. टॉम बेरेंजर भाडोत्री सैनिक, मास्तरचा वेश घेऊन शाळेत शिरतो. गोळ्यांचा पाऊस आहे, करमणूक होते, पण तो मुळात मास्तरच नाही त्यामुळे त्याला गमावण्यासारखं काही नाही. 'क्लास ऑफ १९९९' (१९९०, पुन्हा लेस्टरच) तर सरळ यंत्रमानवच शिक्षक करतो. बघायला मजा येते, पण शिक्षकाचा तो घुसमटलेला जीवच नाही त्यात.

तिसरी घंटा

भारतीय सिनेमात 'इम्तिहान' (१९७४, विनोद खन्ना) आहे पण तो प्रेमळ मास्तरच्या घराण्यातला, 'टू सर, विथ लव्ह'च्या वळणाचा. जास्त जवळचा म्हणजे कमल हासनचा तमिळ 'नम्मावर' (१९९४). त्यात करणने केलेला गुंड विद्यार्थी खरंच धडकी भरवतो, आणि नागेशने मुलीचं प्रेत समोर असलेल्या बापाचा जो सीन केलाय त्याला तोड नाही, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यांना. फक्त कमल हासन इतका सर्वगुणसंपन्न आहे की तो हरेल अशी भीती वाटत नाही.

बाय द वे 'टू सर, विथ लव्ह' (१९६७) मधला मास्तर म्हणजे सिडनी पॉइटिएच. 'ब्लॅकबोर्ड जंगल'च्या वर्गातला तो पोरगा बारा वर्षांनी फळ्यासमोर उभा! दोन्ही पाठोपाठ बघा कधीतरी.

मधली सुट्टी

आता जपानकडे जाऊ का? कारण या धाग्याचा मुद्दा जर साक्षीदार असेल तर 'कन्फेशन्स' (२०१०, जपानी नाव 'कोकुहाकु') शिवाय तो पूर्ण होणारच नाही. दिग्दर्शक तेत्सुया नाकाशिमा, मूळ कादंबरी कानाए मिनातो यांची.

सुरुवातीचा अर्धा तास फक्त एक बाई वर्गात बोलतेय. शेवटचा दिवस आहे, पोरं दूध पितायत, फोन बघतायत, कागदाचे बोळे मारतायत, आणि ही बाई एका सुरात सांगतेय की माझी लहान मुलगी शाळेच्या पोहण्याच्या तलावात बुडून मेली, तो अपघात नव्हता, तिला मारणारे दोघं याच वर्गात आहेत. गोंगाट हळूहळू विरतो. तिने आवाज एकदाही चढवलेला नाही! ताकाको मात्सुने हे काम केलंय आणि नुसत्या आवाजावर तिने तो अर्धा तास पेललाय.

ती पोलिसांकडे का जात नाही तर पोरं तेरा वर्षांची आहेत आणि जपानच्या कायद्यात चौदाच्या आतल्याला फौजदारी शिक्षा नाही. ही वयाची अट आधी सोळा होती, २००० साली कायदा बदलून चौदा केली. म्हणजे इथे पुरावाही आहे, कबुलीही आहे, तरी उपयोग नाही. मग ती काय करते, नावं न घेता अख्ख्या वर्गाला सगळं सांगून टाकते आणि म्हणते की त्या दोघांच्या दुधात मी एचआयव्ही बाधित रक्त मिसळलं होतं. आणि निघून जाते. पुढचं वर्ग करतो. जो वर्ग कधी साक्ष देत नाही त्याला तिने एका तासात न्यायाधीश करून टाकलं, आणि ती पोरं न्यायाधीश म्हणून इतकी क्रूर निघतात की ज्यांनी खून केला त्यांचीच कीव यायला लागते. 'ब्लॅकबोर्ड जंगल'मध्ये वर्ग मास्तरच्या बाजूला सरकला तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकला होता ना? इथे वर्ग बाईच्या बाजूला सरकतो आणि अंगावर काटा येतो.

मला ही बाई चूक वाटते. तरी तिचं दुःख मला पूर्ण कळतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी वाटायला लावणं हे मोठं काम आहे.

खडूची धूळ

'कन्फेशन्स' बघितला होता. माझ्या मते ती सूड घ्यायला उभी राहते त्याच क्षणी शिक्षिका संपलेली असते. पण एक गोष्ट तिने केली जी मी करू शकले नाही. वर्गाला ऐकायला लावलं की तुम्ही बघितलंय आणि तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरचं दूध वगैरे काढून टाका, नुसता तो पहिला भाग कुठल्याही शिक्षकाने बघावा.

शेवटचा बाक

जपानचं निघालं म्हणून 'बॅटल रोयाल' (२०००, किंजी फुकासाकू) सांगतो. सगळे तो बेटावरच्या मारामारीसाठी लक्षात ठेवतात, बेचाळीस विद्यार्थी आणि एकच जगणार. पण त्याआधी शाळेतला एक छोटा प्रसंग आहे, एक पोरगा कॉरिडॉरमध्ये मास्तरला, म्हणजे ताकेशी कितानोला, चाकू मारून पळतो. तिथे नोरिको नावाची मुलगी असते. ती तो पडलेला चाकू उचलते आणि लपवून ठेवते, कोणाला सांगत नाही. आणि मास्तरचा जीव अख्ख्या वर्गात फक्त याच मुलीवर आहे, कारण बाकी सगळ्यांनी तासाला दांडी मारली तेव्हा ही एकटी आलेली. खडूची धूळ, तुमची पहिल्या बाकावरची मुलगी वाचताना मला हीच आठवली.

मीके ताकाशीचा 'लेसन ऑफ द ईव्हिल' (२०१२) इथे बसत नाही असं माझं मत, तिथे मास्तरच खुनी आहे आणि पोरं शिकार. तरी या यादीतले लोक तो आवडीने बघतील.

रीळवेडा

शेवटी एक असा सांगतो जो फार कमी जणांनी बघितलाय. 'अनमन, विटरिंग अँड झिगो', १९७१, ब्रिटिश, दिग्दर्शक जॉन मॅकेन्झी, मास्तर डेव्हिड हेमिंग्ज. मूळ जाइल्स कूपर यांचं रेडिओ नाटक. मुलांची निवासी शाळा, समुद्राकाठचे कडे, नीटनेटके गणवेश, सगळं सभ्य. नवा मास्तर तास जरा कडक घ्यायला जातो तर पोरं अतिशय अदबीने त्याला सांगतात की सर, असं करू नका, आधीच्या सरांना आम्ही याच कारणासाठी मारलं. सगळा वर्ग मिळून. कुठे, कसं, सगळं सांगतात. मास्तर मुख्याध्यापकांकडे जातो, घरी बायकोला सांगतो, कोणी विश्वास ठेवत नाही. आणि तो हळूहळू पोरांच्या म्हणण्याप्रमाणे वागायला लागतो, तासाला शिकवणं बंद, मार्क फुकट.

इथे तर साक्षीदार, आरोपी आणि विद्यार्थी एकच! सगळे कबूल करतात म्हणून कोणीच खरं वाटत नाही. मधली सुट्टी, यातही बायकोवर हल्ल्याचा प्रसंग आहे, पण ती इथे स्वतः झुंजते आणि मास्तरपेक्षा धीट आहे, म्हणून तुम्ही तो बघून सांगा असं मला फार वाटतं. शेवट सांगत नाही. हजेरीपटातली शेवटची तीन नावं म्हणजे सिनेमाचं नाव, त्यातला झिगो कायम गैरहजर असतो, एवढं लक्षात ठेवून बघा.

मधली सुट्टी

बघते नक्की. पण मार्क फुकट देणारा मास्तर ऐकूनच वाटलं की हा सूड घेणाऱ्यापेक्षा जास्त खरा असणार. सूड घेणारे मास्तर पडद्यावरच भेटतात. घाबरून गप्प बसलेले कितीतरी जण असतील, त्यांच्यावर असे अजून सिनेमे असतील तर इथेच सांगा, कुठल्याही भाषेतले चालतील.